"हे कागदं मोडनं काहाले लावलं?"

"मॅडम, पोट्ट्याले लिहाले शिकवा न. कागदं तं तो घरीबी फाडते!"

अंगणवाडीत मी लेकरांकडून कागदाच्या घड्या घालून घेते. परवा तिथल्या दारातच एका बापानं मला हे दोन्ही ऐकवलं. पऱ्हाटीच्या डवरणीतून तसाच आला होता बिचारा, म्हणून तिथं गप्प बसले. इथं बोलते.

ही टूम माझी नाही. जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला फ्रेडरिक फ्रोबेलनं १८३७ मध्ये लहान लेकरांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' नाव दिलं. त्याच्या पद्धतीत ठोकळ्यांइतकंच घडीकामही होतं. चौकोनी कागदातून कधी भूमिती, कधी नक्षी, कधी होडी. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं या बालवाड्यांवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत. लेकरांच्या खेळाची सरकारला भीती! कमाल आहे बाप्पा.

ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्यांची कला, म्हटलं की आपण जपानचं नाव घेतो. त्यांची स्वतःची परंपरा जुनीच. पण टोकियोत १८७६ मध्ये पहिली सरकारी बालवाडी निघाली ती फ्रोबेलच्याच वळणाची, आणि दोन्हीकडच्या घड्या एका वर्गात आल्या.

मला मात्र कौतुक आपल्या टी. सुंदर राव यांचं. घड्या घालून भूमिती शिकवणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला छापलं गेलं. कल्पना सुचली बालवाडीच्या घडीकामाच्या साहित्यावरून, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञानं त्याची दखल घेतली. म्हणजे लेकरांचा कागद जर्मनीतून निघाला, मद्रासला आला आणि गणित होऊन परत गेला.

आणि वर्धा काही दूर नाही. हाताच्या कामातून शिकवायचं हे तिथल्या गांधीजींच्या शिक्षण परिषदेत १९३७ मध्येच ठरलं. तिथं सूत कातायची तकली होती, माझ्याकडे रद्दी आहे, एवढाच फरक.

चार वर्षांचं लेकरू कोपऱ्यावर कोपरा आणतं, जीभ बाहेर काढून नखानं घडी दाबतं. उद्या पेन्सिल धरणारी बोटं हीच. परवा एकीनं दोनदा घडी घातली, उलगडून चार घरं मोजली अन् म्हणाली, "चतकोर भाकर!" पाव म्हणजे चौथा हिस्सा, हा शब्द मी शिकवायच्या आधीच.

चूक माझीही होते. "मी सांगते तशीच घाला" म्हणत मी सगळ्यांकडून एकसारख्या टोप्या करून घेते. मग तेही पाटीवर अ गिरवण्यासारखंच होतं. एका पोट्ट्यानं टोपी उलटी धरून तिला डोंगा म्हटलं, तेव्हा मला समजलं.

गावातल्यांनो, जुन्या कॅलेंडरची पानं असतील तर आणून द्या. लग्नपत्रिका नको, जाड कागद घडीवर फाटतो.