म्हणे, आजारपणाचे सिनेमे बघू नका!

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: आजारपण, अपंगत्व दाखवणारे सिनेमे-मालिका घरात लावू नका. रुग्ण खचतो, शेवटी खोटी आशा लावतात, आपल्या एकत्र कुटुंबांत अशा माणसांचं ओझं कुणाला वाटत नव्हतं आणि आता तर कायद्यानं दिव्यांगांवर विनोदालाही बंदी आहे. खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’. मी पाठवला नाही, उत्तर लिहायला बसले.

‘रुग्ण खचतो.’ आमच्या सिडकोतल्या घरात सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. दुपारी चारच्या सुमाराला त्या गाठोडं बांधतात. दोन लुगडी, कंगवा, कधी टीव्हीचा रिमोटही. मग दाराशी उभ्या राहून म्हणतात, “चला गं, पिंपळगावची गाडी चुकेल.” पिंपळगावचं माहेरचं घर विकून जमाना झाला. ह्यांनी ते समजावून सांगायचं, की त्या नव्यानं रडणार, रोज. मग आम्ही ‘अस्तु’ पाहिला. त्यात विस्मृतीत गेलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना सांभाळते. ते कोण, कुठले याची उलटतपासणी न घेता खाऊ-पिऊ घालते. ह्यांनी वाद घालणं सोडलं. आता म्हणतात, “आई, गाडीला वेळ आहे, चहा घेऊ.” चहा होईपर्यंत गाडी बहुतेक विसरली जाते. खचलं कुणी? सिनेमा नुसता रुग्णासाठी नसतो हो, त्याचं करणाऱ्यांसाठीही असतो.

‘खोटी आशा लावतात.’ मालिकांबद्दल हे सोळा आणे खरं. कोमातून नेमकं सणाच्या एपिसोडला उठणं, देवीसमोर चाकाच्या खुर्चीतून ताडकन उभं राहणं, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. 2004 सालच्या ‘श्वास’मध्ये चमत्कार कुठे आहे? लहानग्या परशाला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. संमतीच्या कागदावर सही आजोबांची आणि पोराला आधी सांगायचं कसं, हाही प्रश्न त्यांच्याच गळ्यात. शिवाय लहान मुलाच्या बुबुळात, विशेषतः फ्लॅशच्या फोटोत, पांढरी चमक दिसली तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं, हे त्या सिनेमावरच्या गप्पांतून कितीतरी घरांत पोचलं असेल. आजार लवकर सापडला तर जीव बहुतेक वाचतो, पुष्कळदा डोळाही.

‘एकत्र कुटुंबात ओझं वाटत नव्हतं.’ कुणाला? ओसरीवर बसणाऱ्यांना नसेलच वाटत. हागणं-मुतणं काढणारी सून एकच असायची आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. कुटुंबच पुरेसं असतं, तर आपल्याच नाशकात रजनी लिमये यांना, स्वतःच्या मुलाकडे बघून, मतिमंद मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ शाळा काढावी लागली नसती. मेसेज लिहिणाऱ्यानं हे नाव ऐकलेलं दिसत नाही.

‘विनोदाला बंदी.’ साफ चूक. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये निकाल दिला. त्यात अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि माणसाला हिणवणारा विनोद, असा फरक केलाय. पडद्यावर दिव्यांगांना कसं दाखवावं याची मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि त्यांना विचारात घेऊन दाखवा, असंही सांगितलं. बंदीचा कुठे उल्लेख नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. या सिनेमांत पालकत्वाचे कागद दिसत नाहीत. मूल 18 वर्षांचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आपल्यानंतर त्यावर नाव कुणाचं, यावरून भावंडांत जे होतं, त्यावर कुणी सिनेमा काढला तर पहिल्या दिवसाचं तिकीट माझं. सासूबाईंना त्या दिवशी हे सांभाळतील.