टाचणवहीवरच्या सहीने मूल वाचायला लागत नाही

गोव्यात शाळेच्या दर्जाचा विषय निघाला की गाडी दहावीच्या निकालावर येऊन थांबते. वाचनातला बिघाड तिसरी-चौथीतच झालेला असतो, आणि टाचणवहीवर (शिक्षकाच्या पाठाच्या तयारीच्या वहीवर) हेडमास्तरांची सही असली तरी तो दिसत नाही. तो हेडमास्तरांच्या कानावर वेळेत येतो की नाही, हे त्यांच्या कारभाराच्या तऱ्हेवर ठरतं.

धाकाच्या शाळेत वाचनाच्या नोंदीत सगळ्यांपुढे 'येते' असतं. 'सात जणांना येत नाही' असं खरं लिहिणाऱ्या शिक्षकाकडेच खुलासा मागितला, की पुढच्या महिन्यात तोही 'येते' लिहितो. अमेरिकन दर्जातज्ज्ञ डेमिंगने कारखान्यांसाठी मांडलेल्या 14 मुद्द्यांत 'भीती घालवा' आहे आणि 'दर्जासाठी तपासणीवर विसंबू नका' हेही आहे. आपल्याकडे तपासणीला भागशिक्षणाधिकारी येणार म्हटलं की तक्ते भिंतीवर, गेले की कपाटात!

'शिक्षकांवर सोपवलंय' म्हणणारे हेडमास्तर त्याहून वाईट. तिथे खोटी नोंदसुद्धा सापडत नाही.

पाण्याची टाकी, शौचालय, माध्यान्ह आहार वाढण्याआधी चाखणं, यात मात्र हुकूमच चालवावा. कोणी, कोणत्या वारी, ठरवायचं आणि करून घ्यायचं. त्यावर बैठका कसल्या घेता?

शिकण्याचं तसं नाही. जुलैत प्रत्येक वर्गातली पाच मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा. शिक्षकाने निवडली तर हुशारच पुढे येतात. न पाहिलेला उतारा, एक मिनिट, अडलेले शब्द मोजा आणि मग अर्थावर दोन प्रश्न. इथे आपली खास गोची कळते. 'उद्या' बिनचूक वाचणारं मूल अर्थ विचारला की गप्प, कारण घरी ते कोंकणीत 'फाल्यां' म्हणतं. हे दुखणं अक्षरओळखीचं नाही, त्याला बाराखडी घोटायला लावून काय होणार? त्या वर्गात रोज दहा मिनिटं तोंडी बोलणं हवं, कोंकणी शब्दाशेजारी मराठी शब्द ठेवून. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर तीच मुलं, नवा उतारा. फरक नसेल तर उपाय बदला, मेमो देऊ नका.

वर्गनिरीक्षणही तसंच. मागच्या बाकावर 20 मिनिटं बसा, त्याच दिवशी बोला, एकच सुधारणा सांगा. पाच सांगितल्या तर एकही होत नाही.

अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत पहिली ते पाचवीला वेगळा मुख्याध्यापक 150 च्या वर मुलं असतील तरच. गावातल्या दोनशिक्षकी शाळेत हेडमास्तर स्वतःच दोन-तीन वर्ग सांभाळतो, मागच्या बाकावर कधी बसणार? पण पाच मुलांच्या चाचणीला वर्गामागे अर्धा तास पुरतो. एकच माहिती तीन-तीन फॉर्मांत मागणं खात्याने थांबवलं, तर तेवढा वेळ आरामात निघेल.