घरचाच सुपरवायझर

'माणसाला त्याच्या नावानं हाक मारा, त्याला आपलेपणा वाटतो.' नव्या सुपरवायझरांच्या ट्रेनिंगमधलं हे पहिलंच वाक्य, आणि माझं घोडं तिथंच अडलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगावच्या पट्ट्यातल्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी यंदा सुपरवायझर झालो, तिथं मला कोणालाच नावानं हाक मारता येत नाही. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या रेच्यांवर दोन काकाजी, रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसवर मोठेबाबा, काट्यावर भाटव्यांचे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचे, भाऊ. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांची मुकादम म्हणजे आत्याची जाऊ. उरलेले वर्गमित्र. ते मला 'साहेब' म्हणतात, पण अशा आवाजात की शिवी परवडली. बाकी सगळ्यांसाठी मी गुड्ड्या.

ट्रेनिंग नागपूरच्या एका हॉटेलात झालं. तिथं आम्हाला फुगे फोडायला लावले, डोळे मिटून एकमेकांवर विश्वास ठेवायला लावला. ते असो. जेवण चांगलं होतं.

सरांनी हॉथॉर्नची गोष्ट मात्र रंगवून सांगितली. शिकागोजवळच्या या कारखान्यात १९२४ पासून १९३२ पर्यंत प्रयोग चालले. दिवे वाढवले, काम वाढलं. दिवे मंद केले, तरी काम वाढलं. सार काय, तर आपल्याकडं कोणी लक्ष देऊन आहे हे कळलं की माणूस जोमानं काम करतो. (पुढं अभ्यासकांनी या प्रयोगांवर बऱ्याच शंका काढल्या, पण त्या जेवणानंतरच्या सत्रात येत नाहीत.) आमच्याकडं दिवे मंद करायला वेगळा प्रयोग लागत नाही, लाईन आपली आपणच जाते. म्हणून मी लक्ष देण्याचा भाग तेवढा उचलला. हात मागं बांधून रेच्यांसमोर उभा राहिलो. तर सगळे रेचे सोडून माझ्याकडं लक्ष देऊन उभे. शेवटी काकाजींनी विचारलं, "काही हरवलं का रे?"

खरी कसोटी लागली ती प्लास्टिकच्या पन्नीवर. आमच्याकडं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, पन्नीत घोटतात. घोटून झाला, तोंडात गेला, की पन्नी वाऱ्यावर. ती कापसात पडली की रेच्यात तिच्या चिंध्या होतात, चिंध्या रुईबरोबर १७० किलोच्या गाठीत दाबल्या जातात, गाठ सूतगिरणीत जाते, आणि पुढं कुठंतरी कापड रंगवताना तेवढीच रेघ कोरी राहते, कारण ते प्लास्टिक कापसासारखा रंग धरत नाही. म्हणजे मारेगावकडं खाल्लेल्या खर्र्याचा पुरावा कुठल्या कुठं कोणाच्या सदऱ्यावर निघतो. आणि पन्नी टाकणाऱ्यांत पहिला नंबर मोठेबाबांचा.

चूक सांगायची तर सँडविच करून सांगा, असं सर म्हणाले होते. आधी कौतुक, मध्ये चूक, वरून परत कौतुक. मी म्हटलं, "मोठेबाबा, तुमच्यासारखा प्रेसवाला तालुक्यात नाही. तेवढी ती पन्नी इथं टाकू नका. बाकी तुम्ही आहात म्हणून प्रेस चालते." मोठेबाबांनी वरचा पाव खाल्ला, खालचा पाव खाल्ला, मधलं तसंच ठेवलं. संध्याकाळी पानठेल्यावर जाहीर केलं, "गुड्ड्या म्हणे, माह्यासारखा प्रेसवाला तालुक्यात नाही!" आणि त्या आनंदात सगळ्या पाळीला खर्रा पाजला... म्हणजे चारला. दुसऱ्या दिवशी कापसात पन्न्याच पन्न्या.

मग मी सँडविच सोडून सरळ मुद्द्यावर आलो. मोठेबाबा म्हणाले, "जिनात आग लागते म्हणून बिडी सोडाले लावली. सोडली. आता खर्राही सोडू? मंग माणसानं जिनात यावंच काहून?" याचं उत्तर सरांच्या स्लाइडवर नव्हतं.

म्हणून त्यांना एकट्याला बोलवावं असं ठरवलं. चारचौघांत बोलू नये, खासगीत बोलावं, हे पुस्तकी सूत्र कुठल्या तरी अशा देशातलं आहे जिथं उचल नावाचा प्रकार नाही. आमच्या जिनात ऑफिसचं दार एखाद्याच्या मागं लागलं की बाहेर अंदाज दोनच: एकतर काढून टाकलं, नाहीतर उचल दिली. मोठेबाबा हसत बाहेर आले. झालं. दिवस मावळायच्या आत ऑफिससमोर रांग. "मोठ्याले देली, आमी का परके हाओ?"

पन्नीचा निकाल शेवटी आत्याच्या जावेनं लावला. ती दारात हात पसरून उभी राहिली. "भाऊजी, पन्नी माह्या हातावर ठेवा अन् मंग आत जा. नाहीतर बाईले सांगतो, दिवसातून किती खाता ते." मोठेबाबांनी मुकाट्यानं पन्नी दिली. आता त्यांचा खर्रा स्टीलच्या डबीत येतो. हे कोणत्या थिअरीत बसतं ते मी सरांना फोन करून विचारलं नाही. त्यांनी त्याचीही स्लाइड केली असती.

थिअरीचं म्हणाल, तर व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये एक्स आणि वाय अशा दोन मांडल्या. एक्सवाला साहेब समजतो की माणूस मुळात कामचुकार; वायवाला समजतो की त्याला काम करायचंच असतं. काट्यावरचे भाटव्यांचे भाऊ सकाळच्या पाळीत सरकीच्या पोत्यांमागं झोपलेले सापडले तेव्हा मी क्षणभर एक्स झालो. मग कळलं की शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. माणूस रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन, मधल्या वेळात रानडुकरं हाकलून, थेट पाळीवर आला होता. कामचुकार कसला, तो तर दोन पाळ्या करत होता.

आमचा सगळा घोळ हाच आहे. दिवाळीच्या सुमारास जिन सुरू होतं, आणि तेव्हाच शेतात कापूस फुटतो. जिनात जो कापूस यायचा, तो वेचायलाच जिनातली माणसं गेलेली असतात. त्यावर पुन्हा साक्षगंध आहे, तेरवी आहे, आणि दोन्हीकडं जिनातले निम्मे लोक सोयरे, म्हणजे गैरहजेरीही खानदानी. आता मी पाळीचा तक्ता लाईनचं वेळापत्रक बघून लावतो. ज्याच्या शेतात रात्रीची लाईन, त्याला दुपारची पाळी. मालक म्हणतात, हे नागपूरला शिकवलं वाटतं. मी नाही म्हणत नाही, त्यांनी फी भरली आहे.

ट्रेनिंगचा शेवट एका फॉर्मनं करायचा होता. हाताखालच्या लोकांनी सुपरवायझरला पाचपैकी गुण द्यायचे, नाव न लिहिता, म्हणजे मोकळेपणानं देतील. एका काकाजींनी नाव लिहिलं, खाली मुक्काम-पोस्ट लिहिलं, आणि सूचनांच्या रकान्यात दोन हजारांची उचल मागितली. मोठेबाबा फॉर्म घेऊन माझ्याकडंच आले. चष्मा घरी राहिला होता.

"तूच भर. घरचं पोरगं आहेस."

मी विचारलं, "किती देऊ? पाच?"

"चार दे. पाच देले तं मालकाले वाटन, आपलं जमलेलं आहे."