कावळा खोटं बोलत नाही

भाद्रपदात ज्या कावळ्यासाठी निम्मं पुणं गच्चीवर उभं राहून ‘काव काव’ करतं, तो यंदा वैशाखातच माझ्याकडे आला. न बोलावता, मागून, आणि थेट टाळूवर.

आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक सोनमोहर आहे. एप्रिल-मे महिन्यांत तो इतका फुलतो, की खाली लावलेल्या स्कूटर्सचा मूळ रंग आरसी बुकात बघावा लागतो. यंदा त्याच्या शेंड्याजवळ कावळ्याच्या जोडप्याने घरटं बांधलं. काड्या कमी आणि तारा जास्त. केबलवाल्याने वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवलेली वायर, कुणाच्या तरी दोरीवरचे दोन हँगर आणि आतल्या अस्तरासाठी पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या ऑर्किडभोवतीचा काथ्या. ऑर्किड उघडं पडलं, तरी काकूंची तक्रार नव्हती. “बाळंतपणाचं आहे, नेऊ दे,” म्हणाल्या. मी त्यांच्या कुंडीतलं गवती चहाचं एक पातं तोडलं होतं, तेव्हा मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला होता.

घरट्यात अंडी असली की कावळे चिडतात, एवढं मलाही ठाऊक आहे. पण चिडायचं तर सगळ्यांवर चिडावं. त्या झाडाखाली पोरं दिवसभर क्रिकेट खेळतात, त्यांचा बॉल फांद्यांत जातो. तिथेच इस्त्रीवाल्याची टपरी आहे. दुसऱ्या मजल्यावरचा ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर रोज नेमाने त्याच बुंध्याशी पाय वर करतो. यांतल्या एकालाही कावळ्याने हात लावला नाही. मी गेटाबाहेर पाऊल टाकलं, की मात्र वरून एकदाच ‘क्रा’ असा आवाज यायचा. पुढच्या क्षणी डोक्यावर पंखांचा वारा, टाळूवर टप्पल, आणि समोरच्या विजेच्या तारेवर बसून मान तिरकी करून माझ्याकडे बघणं. ब्रूनो तेवढ्यात शेपूट हलवायचा. कोणासाठी, ते मला कधी कळलं नाही.

टप्पलीने फारसं लागत नाही. जे लागतं ते नंतरचं.

कारण आमच्या सोसायटीत कोणाच्याही बोलण्यावर कोणाचाही विश्वास नाही, पण कावळ्याच्या शब्दावर मात्र सगळ्यांचा आहे. तो इतके लोक सोडून यांनाच मारतोय, म्हणजे यांनी काहीतरी केलेलंच असणार. काय केलं, एवढाच प्रश्न शिल्लक होता, आणि तो सोडवायला प्रत्येकाकडे सुट्टीतला वेळ होता.

काकूंनी हलक्या आवाजात विचारलं, “अहो, तुमच्याकडे कोणाचं काही राहिलंय का?” मी म्हटलं, “पैसे?” तर म्हणाल्या, “नाही हो, इच्छा.” हे ऐकून बायको एकदम थांबली. “बाबा शेवटी शेवटी बासुंदी मागायचे,” ती म्हणाली. “तू शुगर शुगर करत दिली नाहीस.” आता, बाबांना चारशेच्या वर साखर होती, हे डॉक्टरांना सांगता येतं. कावळ्याला कसं सांगणार? ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, की नातेवाईक एकमेकांकडे जसे बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर आटीव बासुंदी ठेवली. दोघा कावळ्यांनी ती वाटीसकट पुसून घेतली. तासाभराने मी खाली उतरलो, तेव्हा बसलेली टप्पल आधीपेक्षा दमदार होती. दुधाचा परिणाम असावा.

तळमजल्यावरच्या निवृत्त जोशीबुवांचं म्हणणं (त्यांचं आडनाव जोशी नाही, पत्रिका बघतात म्हणून आम्ही म्हणतो) की कावळा हे शनीचं वाहन, तेव्हा शनिवारी तेल घाला. सेक्रेटरींनी थेट विचारलं, “मेंटेनन्स भरलाय ना?” आणि मी ‘हो’ म्हणाल्यावरही वही काढून बघितली. इस्त्रीवाला काही बोलला नाही. फक्त त्या आठवड्यात माझे शर्ट त्याने स्वतःहून घरी आणून दिले. आजारी माणसाचे आणून देतात तसे.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो पक्षीनिरीक्षक आहे. म्हणजे पहाटे पाचला पाषाण तलावावर असतो आणि सकाळी अकराच्या ऑफिसला उशिरा पोचतो. तो माझी बाजू घेईल, असं मला वाटलं होतं. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली, मला गेटातून बाहेर जायला सांगितलं आणि मला टप्पल बसल्यावर “काय सुंदर अँगल आहे!” म्हणाला.

मग त्याने सिअ‍ॅटलची गोष्ट सांगितली. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या लोकांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायांत खुणेच्या रिंगा घातल्या आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला, की कावळे आरडाओरडा करत मागे लागायचे. तुलनेसाठी काहीजण अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटा घालून त्याच आवारात हिंडले. त्यांच्या वाटेला कावळे फारसे गेले नाहीत. “म्हणजे मामा, ते चेहरा लक्षात ठेवतात. तुझा चेहरा यादीत आहे.”

“पण मी काय केलंय?”

“ते तू सांगायचं.”

म्हणजे विज्ञानही काकूंच्याच बाजूला.

भाच्याने आणखी एक शक्यता काढली. कोनराड लोरेन्झ हे ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनाचे मोठे अभ्यासक. त्यांनी जॅकडॉ पाळले होते, हे कावळ्यांचे भाऊबंद. एकदा लोरेन्झनी खिशातून पोहायची ओली काळी चड्डी बाहेर काढली, आणि आपल्यातलाच एक याने धरला, असं समजून ते माणसाळलेले पक्षीही त्यांच्या हातावर तुटून पडले. मी रोज सकाळी घडी केलेली काळी कापडी पिशवी हातात लोंबकळवत भाजीला जातो. पटण्यासारखं होतं. शिवाय ज्यांना १९७३ साली नोबेल मिळालं तेही सुटले नाहीत, हे ऐकून जरा बरं वाटलं. मी पिशवी बदलली, पिवळी घेतली. कावळ्याला फरक पडला नाही. एकदा नाव लागलं, की उतारा कोरा होत नाही.

राहता राहिलं हेल्मेट. २०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा आम्ही काही मंडळी मनाने त्यात होतो. पुणेकराच्या डोक्यावर काय असावं, हे पुणेकरच ठरवणार, हा माझा बाणा. तो मी आता स्कूटर नसताना, लेंगा-सदऱ्यावर हेल्मेट घालून, दुधाची पिशवी आणायला चालत जात होतो. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने मला बघून शेजारून बिनहेल्मेट जाणाऱ्या पोराला अडवलं. “काकांकडून शीक जरा,” म्हणाला. “चालताना घालतात!”

कमिटीची सभा झाली. ‘फांदी छाटावी काय’ हा विषय मीच लावला होता. भाच्याने दिलेली माहिती सेक्रेटरींनी माझ्याच विरुद्ध वाचून दाखवली. राज्याचा १९७५चा शहरी झाडांचा कायदा आहे, फांदीला परवानगी लागते. कावळा १९७२च्या वन्यजीव कायद्यात उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होता, पण २०२२च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेलं. म्हणजे आता उपद्रवी उरलो मी एकटा. जोशीबुवांनी तर वराहमिहिरच काढला. वैशाखात कावळ्याने निरोगी झाडावर घरटं केलं तर सुभिक्ष होतं, असं बृहत्संहितेत आहे म्हणे. “एका टप्पलीवर खडकवासला भरत असेल, तर सोसा हो,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. ‘संबंधित सभासदांनी मागच्या गेटाने ये-जा करावी’ असा ठराव झाला. मागचं गेट कचऱ्याच्या डब्यांमागून जातं आणि त्याची किल्ली वॉचमनकडे असते. वॉचमन पुढच्या गेटावर असतो.

या सगळ्यात पहाटे चारला ओरडणाऱ्या कोकीळसाहेबांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. (गातो तो नर. कवींनी श्रेय परस्पर कोकिळेला देऊन टाकलंय.) मे संपता संपता भाचा पुन्हा आला, दुर्बिणीतून बघितलं आणि ओरडला, “मामा, एक पिल्लू ठिपक्याठिपक्यांचं आहे!” कावळीच्या घरट्यात कोकिळेची लेक. त्याने समजावून सांगितलं, की एरवी नर कावळ्यांना डिवचून दूर नेतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून निघून जाते. मग माझ्याकडे बघून गप्प झाला. दोन्ही कावळे माझ्या मागे विजेच्या तारेपर्यंत येत होते, तेव्हा घरटं मोकळंच असणार. संध्याकाळपर्यंत सगळीकडे बातमी झाली की मी त्या कोकिळांना सामील आहे. काकू म्हणाल्या, “बघा. कावळ्याला आधीच कळलं होतं.”

पहिल्या वळवाच्या सरीनंतर पिल्लं घरट्यातून फांदीवर आली. मी सवयीने हेल्मेट घालून गेटाबाहेर पडलो. ‘क्रा’ ऐकू आलं, मी मान खाली घातली, पण काही झालं नाही. मागे वळून बघतो तर सेक्रेटरी दोन्ही हात डोक्यावर धरून स्कूटरमागे वाकलेले. क्रिकेट थांबलं होतं. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बघत होता. काकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आल्या होत्या. दुसरी टप्पल तर सगळ्यांच्या देखत बसली.

“काही नाही हो, पिल्लं बाहेर आलीत म्हणून,” सेक्रेटरी हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

मी हेल्मेट काढून काखेत धरलं. “असेल,” मी म्हणालो. “पण कावळा उगाच कोणाला मारत नाही. घरी विचारून बघा, कोणाचं काही राहिलंय का. आणि बासुंदी केलीत तर चारोळी घाला. आमच्या वेळी राहिली होती.”