वय विचारायचं ते थुंकीला

आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी साडेसहाला येतो. सायकलीच्या मागे बांबूची भलीमोठी पाटी, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि हँडलला रबरी भोंगा. पोंक-पोंक. त्या आवाजाने आधी माझी जीभ जागी होते, मग मी. गेली तीसेक वर्षं लुंगी सावरत, कापडी पिशवी घेऊन मी फाटकाशी उभा राहत आलोय. चार उंडे, दोन पोळ्या. (गोव्याबाहेरच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, उंडा म्हणजे गोल, कडक पाव आणि पोदेराची पोळी म्हणजे कोंडा लावलेला, पोकळ पोटाचा पाव.) पिशवीतून हाताला ऊब लागते. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो एका उंड्याचा कोपरा नाहीसा झालेला असतो. तो कुठे जातो, असं बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. नंतर विचारणं सोडून दिलं.

यंदा जानेवारीत तिने पुन्हा विचारलं.

कारण जानेवारीपासून आमच्या घरात सोळा तास उपास आणि आठ तास खाणं, असा कायदा लागू झाला. खाण्याची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. म्हणजे माझं पोट एकदम सरकारी कचेरी झालं. साडेसहाला आलेला पाव साडेतीन तास टेबलावर झाकून ठेवायचा आणि आपण त्याच्यासमोर बसून पेपर वाचायचा. दहा वाजेपर्यंत उंड्याची अवस्था अशी होते की नळाखाली वायसरच्या जागी बसवावा. बायको निवृत्त शिक्षिका, तीही गणिताची. तिच्या घड्याळात ‘साधारण’ हा आकडा नाही.

ह्या सगळ्याचं मूळ आमचा भाचा. बंगळुरूला कंप्युटरमधलं काहीतरी करतो. नाताळच्या सुटीत आला तो दीर्घायुष्याचं सगळं ताजं संशोधन घेऊनच.

“मामा, म्हातारपण हा एक आजार आहे, असं मानणारे शास्त्रज्ञ आता बरेच आहेत.”

“मग मेडिक्लेम मिळेल?”

तो हसला नाही. बायको हसली, पण तिने वही आणली.

भाच्याने प्रथम अळी सांगितली. मातीत राहणारी, जेमतेम एक मिलिमीटरची. १९९३ मध्ये सिंथिया केनियन नावाच्या बाईंनी दाखवून दिलं, की तिच्यातल्या एकाच जनुकात बिघाड असला की ती दुप्पट जगते. मी म्हटलं, दुप्पट म्हणजे किती? तर तीन आठवड्यांची सहा आठवडे. एवढ्यात आमच्याकडे पंचायतीतून साधा दाखला येत नाही. मग आले उंदीर. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लाइव्ह मॅके यांनी आपला प्रयोग छापला: उंदरांना कमी खायला घातलं. जीवनसत्त्वं वगैरे नीट, पण पोटभर नाही. ते उंदीर पोटभर जेवणाऱ्या उंदरांपेक्षा पुष्कळ जास्त जगले. हे खरं आहे, नंतर अनेकांनी पडताळलंय, आणि मी विज्ञानाच्या विरोधात मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या वाढीव महिन्यांत उंदरांनी केलं काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझा अंदाज, त्यांनी जेवणाची वाट पाहिली.

माणसांवरचा प्रयोग मला जास्त जवळचा वाटला. अमेरिकेत काही लोकांना दोन वर्षं पंचवीस टक्के कमी खायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यांना सरासरी बारा टक्केच जमलं. पंचवीस ठरवून बारावर आटोपतं घेणारी ती माणसं मला पाहुण्यांतली वाटतात. पुढे २०२३ मध्ये त्यांचं रक्त तपासून निष्कर्ष निघाला, की त्यांचा म्हातारं होण्याचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावला होता. बायकोने ‘दोन-तीन टक्के’ खाली दोन रेघा मारल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला: महिन्याकाठी पाऊण दिवस वाचतो. तोही उपाशी.

मग भाच्याने औषध सांगितलं. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून एक द्रव्य मिळालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून ते रापामायसिन. ते वेगळं काढणारे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल, आपल्याकडचेच. माँट्रियलची त्यांची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरी आणला आणि फ्रीझरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवला, वर ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून. पुढे ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं औषध झालं. २००९ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ते म्हाताऱ्या उंदरांना दिलं. म्हातारे म्हणजे सहाशे दिवसांचे, आपल्या हिशेबाने साठीचे. तरी त्यांचं आयुष्य वाढलं: माद्यांचं १४ टक्के, नरांचं ९. तिथेही बायकाच पुढे.

“हे औषध मनाने घ्यायचं नसतं हं,” भाचा घाईने म्हणाला, “प्रतिकारशक्ती दाबतं ते.” बायकोने औषध सोडून दिलं. चिठ्ठी मात्र उचलली. शेजारच्या घरून नाताळचं कुस्वार, म्हणजे फराळाचं ताट, आलं होतं. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला, तर बेबिंकाच्या डब्यावर तिच्या वळणदार अक्षरात: ‘खाऊ नये.’ खाली तारीख आणि सही.

दिवस कसाही निघतो. संध्याकाळ निघत नाही. साडेपाचला शीत-कडी (भात-आमटी) जेवायची, हॉस्पिटलात जेवतात तशी, आणि सातला देवळात तालमीला जायचं. आमच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतं. गोव्यात देऊळ आहे आणि नाटक नाही, असं सहसा सापडायचं नाही. त्यात मी वीस वर्षं म्हाताऱ्याची भूमिका करतोय. सुरुवातीला केसांना पांढरा रंग लावावा लागायचा. गेल्या वर्षी रंगभूषाकाराने नुसतं बघितलं आणि म्हणाला, “तुमचं झालेलं आहे.” तर, तालमीच्या मधल्या वेळेत चहा येतो आणि चहाबरोबर परातभर मिरची भजी. मी पंधरा दिवस परात पुढे सरकवली. सोळाव्या दिवशी मला मुलाच्या वियोगाचा प्रवेश होता. दुःख आतून यावं लागतं, आत काहीच नव्हतं. एक भजं खाल्लं. प्रवेश असा रंगला की पेटीवाल्याने डोळे पुसले. घरी आलो. बायकोने दार उघडलं, काही बोलली नाही, फक्त जरा पुढे वाकून माझ्या मिशीचा वास घेतला.

“किती?”

“एक.”

“एक म्हणजे?”

गणिताच्या बाईंसमोर खोटं टिकत नाही. तीन.

फेब्रुवारीत भाच्याकडून पार्सल आलं. आत प्लास्टिकच्या दोन नळ्या. थुंकीतून तुमचं ‘जैविक वय’ सांगणारी कुठल्याशा कंपनीची तपासणी. म्हणजे जन्मतारखेचं वय वेगळं, शरीराचं वेगळं. ह्यामागचं शास्त्र मी नीट समजून घेतलं. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या बारीक टिकल्या लागलेल्या असतात. वय वाढतं तशा काही जागच्या टिकल्या गळतात, काही जागी नव्या लागतात. स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागा निवडून त्यांवरून वय ओळखायचं गणित बसवलं. चूक साधारण साडेतीन वर्षांची. आमच्या गावातल्या बायका हेच काम नुसत्या टिकलीवरून करतात. पण ते असो.

नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची. अट अशी, की आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी तर बारा तासांचा उपाशी. तोंड मार्चमधल्या खाजन शेतासारखं कोरडं. पंधरा मिनिटं खटपट केली. नळीत आला नुसता फेस. बायको घड्याळाकडे बघून म्हणाली, “थांबा. पोदेर येऊ दे.”

आणि भोंगा वाजला. पोंक-पोंक. दोन मिनिटांत नळी भरली, वर रुमालही भिजला. रशियात पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. खाणं येणार अशी खूण मिळताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या नावातच पाव आहे, हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. माझं वय एकसष्ट पूर्णांक चार. बायकोचं एकोणपन्नास.

आता, शाळेच्या दाखल्यावर मी छप्पन्न वर्षांचा. जन्म १ जून. आमच्या वर्गातली अर्धी मुलं १ जूनलाच जन्मली होती, कारण हेडमास्तरांना ती तारीख लिहायला सोपी जायची. आईच्या सांगण्याप्रमाणे मी गणेशचवथीच्या तिसऱ्या दिवशीचा, आरतीत घुमट वाजत असताना झालेला. म्हणजे माझी आधीच दोन वयं होती, हे तिसरं. बायको चोपन्न वर्षांची. ती त्या दिवसापासून जिना चढताना कठडा धरत नाही. तिची जुनी मैत्रीण आली तेव्हा माझी ओळख “आमचे हे” अशी करून देताना तिने आवाजात जी करुणा आणली, ती मला वीस वर्षांत रंगमंचावर जमली नाही.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, मनावर घेऊ नका. दोन कंपन्यांकडून तपासलं तर दोन वयं येतात.”

“मग तिसरी शोध.”

बचावासाठी मी स्वतःच वाचायला लागलो आणि मला घबाड सापडलं. २०२४ चा अभ्यास, ९६० उंदरांचा. कमी खाणारे जास्त जगले, ठीक. पण आहारापेक्षा आनुवंशिकतेचा हात मोठा निघाला. आणि ज्यांचं वजन जास्त उतरलं ते नव्हे, तर उपाशी ठेवूनही ज्यांचं वजन टिकून राहिलं ते उंदीर जास्त काळ जगले! मी हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं आणि पोटावर हात ठेवला. ती म्हणाली, “उपाशी ठेवूनही, असं लिहिलंय ना?”

आनुवंशिकता म्हटलं की आमची यमूआत्या. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, राहायला आली होती. तिला सोळा-आठचं गणित समजावलं तेव्हा तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “एकादस आहे?” सकाळी सातला चहात उंडो बुडवून ती खात होती आणि मी समोर पेपर वाचत होतो. चहाचा थेंब उंड्याच्या टोकाशी लोंबकळतो, पडेल पडेल असं वाटतं, तेवढ्यात ती बरोब्बर तोंड पुढे नेते. हात जरासुद्धा कापत नाही.

आत्याचं वय किती? इथे आमची पंचाईत आहे. पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर १९३१. रेशनकार्डावर १९३६. तिच्या स्वतःच्या मते ती ‘मोठा फणस वादळात पडला त्या वर्षीची’. आणि तो फणस कधी पडला हे सांगणारी शेवटची व्यक्ती तीच. शिवाय १९३१ चा दाखला तिचा नसून तिच्या आधी झालेल्या आणि न जगलेल्या बहिणीचा असावा, तेच नाव हिला ठेवलं, असंही एक मत घरात आहे.

भाच्याला ह्यात भारी रस. शिगम्याच्या सुटीत तो नवी नळी घेऊनच आला होता. मी त्याला सॉल न्यूमन यांचं काम सांगितलं, कारण एव्हाना मीही तयार झालो होतो. शंभरी ओलांडलेली माणसं जगात कुठे जास्त सापडतात, हे न्यूमन यांनी तपासलं. तर जिथे जन्माच्या नोंदींचा गोंधळ, तिथे. अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मदाखला सुरू झाला, तिथे एकशे दहा पार केलेल्यांच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटल्या. जपानने २०१० मध्ये दप्तर झाडलं, तर २ लाख ३० हजारांवर शतायुषी कागदावरच जिवंत होते. ह्या कामाला २०२४ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं अशा संशोधनाचं ते बक्षीस. थोडक्यात, दीर्घायुष्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे निष्काळजी कारकून.

“म्हणूनच तर आज्जीची लाळ पाहिजे,” भाचा म्हणाला. “कागद खोटं बोलेल, डीएनए नाही.”

“माझा डीएनए बोलला ना, एकसष्ट,” मी म्हटलं.

रविवार होता. दुपारचा एक, म्हणजे कचेरी उघडी. बायकोने तिसऱ्यांची (म्हणजे शिंपल्यांची) एकशिपी केली होती. ओल्या खोबऱ्यात, कोकम घालून. भाच्याने नळी ताटाशेजारी ठेवली होती. तिसऱ्या बघून त्याला एक गोष्ट आठवली. २००६ मध्ये आइसलँडजवळच्या समुद्रातून शास्त्रज्ञांनी शिंपल्या काढल्या. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय पडतं तशी त्यांच्या शिंपीवरही रेघ पडते. एकीवरच्या रेघा आधी ४०५ मोजल्या. नंतर २०१३ मध्ये नीट मोजल्यावर निघाल्या ५०७.

मी बोटांवर हिशेब केला. म्हणजे जन्म १४९९ चा. वास्को द गामा आदल्याच वर्षी कालिकतला पोचलेला. अल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा ही अकरा वर्षांची. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले, १९६१ मध्ये गेले, आणि ही त्यानंतरही पंचेचाळीस वर्षं तळाशी वाळूत बसून.

आत्याने ताटातली एक शिंपी उचलली, चाटून स्वच्छ केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघत होती.

“कितें खाताली ती?”

“पाण्यातलं काहीबाही,” भाचा म्हणाला. “मिळेल ते.”

“आनी आता खंय आसा?”

“आता कुठली, आज्जी? पकडल्यावर बोटीवरच गोठवली त्यांनी. त्यातच मेली. वय नंतर मोजलं.”

“म्हणजे आधी मारली, मग वय विचारलं?”

“तसंच.”

आत्याने शिंपी ताटाच्या कडेला पालथी ठेवली. ताट बायकोकडे सरकवलं.

“मग माझं विचारू नका. आणखी वाढ गो.”

भाच्याने नळी उचलून हळूच खिशात टाकली.