जंगल रांगेत उभं करा

तर भाऊ, नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या बाजूची एखादी उजाड टेकडी तुमच्या वाट्याला आली आहे. उन्हाळ्यात वणवा लागून गेला, वर काळं गवत, मधेमधे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं. तिथे आता जंगल लावायचं आहे. घाबरू नका. वृक्षारोपणाच्या इतक्या मांडवांत मी चहा प्यायलो आहे, की सल्ला द्यायचा हक्क आपोआपच मिळतो.

पहिलं म्हणजे, टेकडीवर जाऊ नका. गेलात तर वाकून बघावंसं वाटेल, आणि जळक्या बुंध्यांच्या कडेला धावड्याचे, तेंदूचे फुटवे दिसतील. पळस तर वणव्याला जुमानतच नाही, मुळांतून पुन्हा वर येतो. मग डोक्यात नसती शंका शिरते: दोन-चार वर्षं नुसती गुरं आणि आग लांब ठेवली, तर अर्धं जंगल फुकटात उभं राहील की काय? पण फुकटच्या जंगलाची कुदळ कोण मारणार, फीत कोण कापणार? जेसीबी बोलवा, टेकडी साफ करा.

झाड एकाच जातीचं निवडा. ऐन, धावडा, मोह, बेहडा, चारोळी, बिजा, सालई असला गोतावळा जमवू नका. एकाची पानं आधी गळतात, दुसऱ्याची उशिरा. एकाची मुळं खोल, दुसऱ्याची पसरट. पावसाने दडी मारली तर एक वाळतो आणि शेजारचा तग धरून बसतो. यात शिस्त कुठे आहे? त्यापेक्षा सागजडी, म्हणजे सागाची छाटलेली मुळंखोडं आणा, दोरी धरा, रांगा पाडा. लांबून शाळेची कवायत दिसली पाहिजे.

पावसाळा सरता सरता सागावर पानं खाणाऱ्या अळ्या येतात. मिश्र जंगलात बिचाऱ्यांना पुढचा साग शोधत हिंडावं लागतं. तुमच्याकडे पंगतच मांडलेली. मागे अशाच एका रांगेतलं पान उचलून मी उन्हासमोर धरलं होतं. हिरवं म्हणून काही उरलेलं नव्हतं. नुसती शिरांची तपकिरी जाळी, आत्याने टीव्हीवर घातलेल्या क्रोशाच्या रुमालासारखी. पलीकडची टेकडी आरपार दिसत होती. इतकं नाजूक काम फुकटात करून मिळतं, आणखी काय हवं?

साग नको असेल तर गुलमोहर लावा. मूळचा मादागास्करचा, पण मे महिन्यात फोटोसाठी असा फुलतो की विचारू नका. वादळात मुळासकट आडवा व्हायची खोड आहे त्याला, पण तोवर तुमची बदली झालेली असते.

एखादा म्हातारा मोहाचा आग्रह धरेल. त्याला सांगा, मोहाचं बी बेशिस्त असतं. पावसाच्या तोंडावर पडतं, ताजं असतानाच पेरावं लागतं, चार-सहा आठवड्यांत उगवायची ताकद घालवून बसतं. तुमची निविदा उघडते दिवाळीनंतर. बियाला थांबता येत नसेल तर तो निविदेचा दोष नाही.

आकडा मोठा धरा. राज्याने १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. २०१९ च्या पावसाळ्यात, तीन महिन्यांसाठी, तो ३३ कोटींवर गेला. तुम्ही निदान लाखाखाली उतरू नका. जगली किती, हे जुलैत विचारणं अशुभ असतं आणि मे महिन्यात विचारायला टेकडीवर कोणी जात नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे, आपण वाळ्याच्या ताटीच्या कूलरसमोर. रोप टेकडीवर, पाण्याचा टँकर कागदावर. हवामानबदलाला तोंड देणारं रोप हवं, असं भाषणात आपणच म्हणालो होतो ना? मग देऊ दे की तोंड!

आता एक अडचण. पुढच्या पावसात मेलेल्या गुलमोहराच्या आळ्यात पळसाचा एक फुटवा दिसेल, तीन लवदार पानांचा. तो कोणी लावलेला नसतो, कोणी पाणी घातलेलं नसतं, रजिस्टरमध्येही नसतो. निंदणीत तण म्हणून उपटून टाका.

फक्त उपटण्याआधी जिवंत रोपांची मोजणी उरकून घ्या.