नऊ दिवसांत सहा शहरं: इटली कशी उरकावी

परदेशात जाऊन आठवडाभर एकाच शहरात राहणारे काही लोक असतात. रोज त्याच बेकरीत जातात, त्याच गल्लीतून परत येतात. आणि घरी आल्यावर कुणी विचारलं, "मग, पिसा केलं का?" तर सरळ "नाही" म्हणतात. मान खाली घालणंही नाही. तुम्हाला असं व्हायचं नसेल तर पुढचं लक्ष देऊन वाचा. आम्ही पाच जणांनी इटली नऊ दिवसांत केली आहे. पाहिली म्हणत नाही, केली.

आपल्याकडे हे रक्तातच आहे. शनिवारी पहाटे मोरगावहून सुरुवात करून रविवारी रात्री घरात, अशी अष्टविनायकं दोन दिवसांत करणाऱ्यांना इटलीची सहा शहरं म्हणजे काय मोठंसं! रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान. खरं तर पाचच ठरली होती. नेपल्स नंतर घुसलं, कारण ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पोंपेई तिथून जवळ आणि "एवढं लांब आलोच आहोत तर..." हे वाक्य पाठ करून ठेवा. परदेशी सहलीचा सगळा डोलारा याच्यावर उभा असतो. मिलानवरून स्वित्झर्लंडची हद्द तासाभरावर आहे हे कळल्यावर आमच्या काकांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं होतं. व्हिसाचा अर्ज तोवर निघून गेला होता म्हणून बचावलो.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या महिन्यात करावा, म्हणजे घरात चैतन्य राहतं. ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. आणि रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा असतो. तो वकिलातीसाठी वेगळा लिहा, माणसाला झेपेल असा. खरा कार्यक्रम एक्सेलच्या शीटमध्ये.

शीट हा सहलीचा प्राण. आमच्या शीटमध्ये वेळ पंधरा मिनिटांच्या पट्ट्यांत होती. "रोम ते फ्लॉरेन्स, जलद गाडी, दीड तास." वाचायला किती छान वाटतं! गाडी खरोखर दीड तासात पोचतेही. फक्त त्या दीड तासाच्या आधी हॉटेलात पाच जणांच्या आंघोळी असतात, एक हरवलेला चार्जर असतो, टर्मिनी स्टेशनवर फलाटाचा आकडा बोर्डावर लागेपर्यंत माना वर करून उभं राहणं असतं. डब्याची दारं गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधीच बंद होतात, तेव्हा शेवटचं अंतर धावत. पलीकडे उतरल्यावर हॉटेलवाला म्हणतो, खोली दुपारी तीनला मिळेल. म्हणजे गाव बदललं की अर्धा दिवस गेला. सहा शहरं म्हणजे पाच बदल, म्हणजे अडीच दिवस. येण्या-जाण्याचा मिळून एक धरा. नवातून साडेतीन वजा केले की उरतात साडेपाच, आणि शहरं सहा. ही वजाबाकी निघण्यापूर्वी कधीही करायची नाही. मी परतीच्या विमानात केली.

आता सोमवार. फ्लॉरेन्समध्ये उफ्फिझी हे चित्रांचं संग्रहालय सोमवारी बंद, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा जिथे आहे ते आकादेमिया सोमवारी बंद, मिलानमधलं लिओनार्दो दा विंचीचं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र सोमवारी बंद. व्हॅटिकनचं संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. तेव्हा चाणाक्ष माणसाने रविवार व्हॅटिकनला आणि सोमवार फ्लॉरेन्सला द्यावा. तिकिटांचे पैसे वाचतात, रांगा नाहीत, पाय दुखत नाहीत. आम्ही सोमवार फ्लॉरेन्सलाच दिला होता. डेव्हिडचं काही अडलं नाही. मूळ पुतळा १८७३ साली आत हलवला, पण त्याच्या जुन्या जागेवर, चौकात, हुबेहूब नक्कल उभी आहे. तिच्यासोबत फोटो काढावा आणि ग्रुपवर नुसतं "डेव्हिड!!" असं टाकावं. आजवर कुणी उलटतपासणी घेतलेली नाही.

लिओनार्दोच्या चित्राबद्दल मात्र मला जरा बोलायचंय, कारण सावकाशीचे तोटे इतके स्वच्छ कुठेच दिसत नाहीत. भिंतीवर चित्र काढायची तिकडची रीत अशी, की गिलावा ओला असेपर्यंत रंग भरून मोकळं व्हायचं. रंग गिलाव्यात मुरतो आणि शतकानुशतकं टिकतो. पण त्यासाठी घाई करावी लागते. लिओनार्दोला घाई नको होती. त्याला थांबायचं होतं, बघायचं होतं, केलेलं पुन्हा बदलायचं होतं. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर काम केलं. १४९५ च्या सुमारास सुरू केलं, तीनेक वर्षं लावली आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटायला लागले. अलीकडची डागडुजी १९७८ ते १९९९, एकवीस वर्षं चालली. आज ते चित्र बघायला एका वेळी पंधरा मिनिटं मिळतात. पंधरा! आमच्या शीटमधली बरोबर एक पट्टी. त्याची तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात, हे आम्हाला मिलानला जायच्या आदल्या रात्री कळलं. आम्ही त्या चित्राला लागून असलेल्या चर्चच्या बाहेरच्या विटा पाहिल्या. चांगल्या आहेत.

सामानाकडे वळू. पाच जणांत पाच मोठ्या बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, पैकी दोन खाण्याच्या. थेपले, मेतकूट, चिवडा, दोन प्रकारची लोणची. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. हा नियम पेढ्यांचा डबा बॅगेच्या तळाशी गेल्यावर वाचायचा असतो. या बॅगा घेऊन व्हेनिसला जावं. व्हेनिसमध्ये हॉटेल निवडताना नकाशावरचं अंतर बघा. आमचं "स्टेशनपासून सहाशे मीटर" होतं. सहाशे मीटर म्हणजे आमच्या घरापासून वाण्याचं दुकान. पण व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, आणि सहाशे मीटरमध्ये चार पूल. तिथला पूल म्हणजे पायऱ्या चढायच्या, माथ्यावर पोचायचं, पायऱ्या उतरायच्या. पहिल्या पुलावर बॅगेच्या चाकांचा टक्‌ टक्‌ टक्‌ असा ताल होता. दुसऱ्यावर काकांनी बॅग डोक्यावर घेतली. तिसऱ्यावर एका बॅगेचं चाक निसटलं, दोन पायऱ्या उड्या मारत गेलं आणि कालव्यात पडलं. पाण्यावर जरा तरंगल्यासारखं झालं आणि बुडालं. व्हेनिसमधली एवढी एकच गोष्ट आम्ही पाचही जणांनी एका वेळी, थांबून, नीट पाहिली.

गोंडोल्याचा दर नगरपालिकेने ठरवून दिलेला आहे. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. इथे युरोला शंभराने गुणण्याची आपली सवय कामाला येते. गुणलं की इच्छा आपोआप मरते. मग किनाऱ्यावर उभं राहून दुसऱ्यांचे गोंडोले आपल्या फोटोत घ्यायचे. कॉफीचंही तसंच. काउंटरला उभ्याने प्या, थोडक्यात भागतं. सान मार्कोच्या चौकात खुर्चीवर टेकलात की बिल कितीतरी पटीने वाढतं. एरवीही बसणं महाग आणि उभं राहणं स्वस्त, हे या देशाचं धोरण आपल्या शीटला पोषक आहे. रोमने तर २०१९ पासून स्पॅनिश पायऱ्यांवर बसायलाच बंदी केली. दंड चारशे युरोंपर्यंत. त्या पायऱ्यांवर शिट्टी वाजवून लोकांना उठवणारा पोलीस पाहिला, तेव्हा परक्या मुलुखात कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं.

एवढी तयारी असूनही सहल कशी बिघडते ते सांगणं माझं कर्तव्य आहे. ती माणसामुळे बिघडते. आमच्यात आत्या होती. वय एकाहत्तर, गुडघ्यांची तक्रार, शीट वाचायला चष्मा नाही. फ्लॉरेन्समध्ये त्या सोमवारी दुपारी पिसाची गाडी पकडायची होती. तासाभराचा प्रवास, स्टेशनपासून मनोऱ्यापर्यंत वीसेक मिनिटं चालणं, तो कललेला मनोरा हाताने सावरल्याचा फोटो प्रत्येकी एक, आणि परत. एकूण सव्वातीन तास. तिकिटं काढून, फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारायचीही आठवण ठेवली होती. त्याशिवाय गाडीत बसलं तर दंड होतो.

स्टेशनच्या जवळ सांता मारिया नोव्हेल्लाचा चौक लागतो. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं चर्च, पुढे हिरवळ, दगडी बाक आणि दोन उंच दगडी स्तंभ. आत्या तिथे थांबली.

"आत्या, चल. गाडी आहे."

"अरे, हे बघ काय."

दोन्ही स्तंभांच्या खाली, चारही कोपऱ्यांत, पितळेसारखी दिसणारी कासवं. स्तंभाचा सगळा भार पाठीवर घेऊन बसलेली. आत्या खाली वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि एकाच्या डोक्याकडे बघत राहिली. पूर्वी इथे रथांच्या शर्यती व्हायच्या आणि या स्तंभांना वळसा घालून रथ फिरायचे, हे मी फोनवर वाचून दाखवलं, जेणेकरून प्रकरण लवकर आटपेल. तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

"आपल्याकडे देवळात शिरताना असतं, तसंच," ती म्हणाली. "फक्त आपलं एकटं असतं. यांनी चार चार बसवलीत."

"हो आत्या. दोनला बेचाळीसची आहे."

ती बाकावर जाऊन बसली. पर्समधून संत्रं काढलं. साल रुमालात गोळा करत, एकेक फोड वेगळी करत, शिरा काढत. मी शीट उघडून दाखवली, पिसाचा निळा रंगवलेला रकाना दाखवला, चार दिवस काढून मी तो कसा बसवला होता ते सांगितलं. काका घड्याळ दाखवत होते. आत्याने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"एवढं लांब आलोच आहोत," ती म्हणाली, "तर बसू की जरा."